दुसऱ्याने शिकवलेलं चालेल का?

एका मुलीची फाईल मला अजून आठवते. एक सेमिस्टर दुसऱ्या देशातल्या विद्यापीठात शिकून आली होती, पळून वगैरे नाही, आम्हीच पाठवलेली, जाताना तिचा फोटो काढून वेबसाईटवर टाकलेला. परत आली तेव्हा हातात ट्रान्सक्रिप्ट, पाच कोर्स, पाचही पास, दोनात तर चांगलेच मार्क. आणि आम्ही सहा जण टेबलाभोवती बसून तिचा तिकडचा सांख्यिकीचा कोर्स आपल्या सांख्यिकीच्या पेपरशी जुळतो का ते बघत होतो. एका सहकाऱ्यांनी दोन्ही सिलॅबस शेजारी शेजारी ठेवले, पेन्सिल घेतली आणि एकेका टॉपिकवर टिक करत गेले. बराच वेळ शांतता. मग म्हणाले, "आपलं युनिट चार यात नाहीये."

युनिट चार म्हणजे फार तर आठ तासांचं शिकवणं. त्या मुलीने तिकडे तीन आठवडे खऱ्या डेटावर प्रोजेक्ट केलं होतं, आमच्याकडे ते कोणी शिकवतच नाही, पण त्याच्यासाठी टिक करायला आमच्या कागदावर जागाच नव्हती. तिला तो पेपर पुन्हा द्यावा लागला. ठरावावर सहा सह्या आहेत, त्यातली एक माझी.

तेव्हापासून "विद्यापीठाला आंतरराष्ट्रीय कसं करायचं" असा विषय निघाला की माझ्या डोळ्यासमोर झेंडे आणि करार येत नाहीत, ते युनिट चार येतं. माझं म्हणणं एवढंच आहे की विद्यापीठ किती आंतरराष्ट्रीय आहे हे मोजायचं असेल तर एकच प्रश्न विचारा, दुसऱ्याने शिकवलेलं तुम्ही आपलं म्हणून धरता का? बाकी सगळं, म्हणजे किती परदेशी पाहुणे आले, किती कॉन्फरन्स झाल्या, वेबसाईटवर नकाशात किती टाचण्या टोचल्यात, हे सगळं नंतरचं.

एमओयूचं, म्हणजे दोन विद्यापीठांतल्या सामंजस्य कराराचं, तर बोलायलाच नको. दोन कुलगुरू, दोन फाईल, एक हस्तांदोलन, आणि आत मजकूर काय तर दोन्ही संस्था परस्परांच्या सोयीने आणि निधी उपलब्ध असेल त्याप्रमाणे सहकार्याच्या संधी शोधतील. म्हणजे कोणी काहीच करायचं कबूल केलेलं नाही. पाच वर्षांनी मुदत संपते, मग नूतनीकरणाचा कार्यक्रम, परत फोटो. मी एकदा जुन्या करारांची यादी घेऊन बसलो होतो आणि प्रत्येकासमोर एवढंच लिहायचं ठरवलं की यात कोणत्या मास्तरांचं नाव आहे, आणि कोणता कोर्स. निम्म्याहून जास्त ओळी कोऱ्या राहिल्या. ज्या भरल्या त्या सगळ्या अशा की आधी दोन माणसं कुठेतरी भेटलेली, एकत्र पेपर लिहिलेला, एकमेकांचे विद्यार्थी बघितलेले, आणि करार आला तो मागाहून, वरातीमागून घोडं आल्यासारखा. एक करार तर असा सापडला की ज्यांनी तिकडून सही केली त्यांचा तो विभागच बंद होऊन चार वर्षं झाली होती आणि आमच्या अहवालात तो दरवर्षी "सक्रिय" म्हणून छापून येत होता.

गंमत म्हणजे विद्यापीठ हा प्रकार सुरू झाला तोच बाहेरून आलेल्या लोकांमुळे. इटलीतलं बोलोन्याचं विद्यापीठ आपली स्थापना १०८८ ची सांगतं, आणि तिथे सुरुवातीला विद्यार्थ्यांच्याच संघटना होत्या, त्यांना "नेशन" म्हणायचे, आल्प्सच्या अलीकडचे एका गटात, पलीकडून आलेले दुसऱ्या गटात. शिक्षक नेमायचे, त्यांचा पगार ठरवायचा, तास बुडवला तर दंड करायचा, हे सगळं ती बाहेरची मुलंच बघायची. बाहेरच्या माणसाला त्या शहरात काही हक्कच नसायचे म्हणून त्यांनी एकत्र येऊन हे उभं केलं. बाराव्या शतकात सम्राट फ्रेडरिक बार्बारोसाने शिकायला फिरणाऱ्यांसाठी एक फर्मान काढलं, त्यातलं एक कलम मला फार आवडतं, एखाद्या विद्यार्थ्याच्या देशबांधवाने कर्ज बुडवलं असेल तर ते या विद्यार्थ्याकडून वसूल करायचं नाही. म्हणजे तोपर्यंत करत असणार! तुझ्या देशाच्या कोणीतरी पैसे बुडवले, आता तू दे. आजही व्हिसाच्या रांगेत उभ्या असलेल्या मुलाला विचारा, दुसऱ्या कोणाच्या तरी वागण्याचा हिशेब आपल्याकडून घेतायत असं त्याला वाटतंच.

आता जरा अलीकडे. १९८७ मध्ये युरोपात विद्यार्थ्यांनी काही काळ दुसऱ्या देशात जाऊन शिकावं यासाठीचा इरॅस्मस कार्यक्रम सुरू झाला तेव्हा पहिल्या वर्षी ११ देशांतले मिळून ३,२४४ विद्यार्थी गेले. त्यानंतर आकडा वाढत वाढत लाखांवर गेला हे सगळ्यांना माहिती असतं, शिष्यवृत्त्यांचं कौतुकही होतं, पण माझ्या मते त्यातली खरी कमाल पैशात नव्हती, एका कंटाळवाण्या हिशेबात होती. एका वर्षाच्या पूर्ण अभ्यासाचे ६० क्रेडिट, एक क्रेडिट म्हणजे विद्यार्थ्याचे साधारण २५ ते ३० तास, त्यात लेक्चरही आलं आणि घरी डोकं खाजवणंही आलं. आणि निघायच्या आधी एक कागद, लर्निंग अॅग्रीमेंट, त्यावर तीन सह्या: विद्यार्थ्याची, पाठवणाऱ्या विद्यापीठाची आणि घेणाऱ्या विद्यापीठाची. तू तिकडे हे हे कोर्स करणार, आणि पास झालास तर आम्ही इकडे इतके क्रेडिट देणार. आधी ठरलं. परत आल्यावर पेन्सिल घेऊन बसायचं कामच नाही. आमच्या त्या मुलीच्या बाबतीत हा एक कागद असता तर तिचं अर्धं वर्ष वाचलं असतं, आणि त्याला खर्च किती, तर प्रिंटआऊटचा.

१९९७ मध्ये लिस्बनला एक करार झाला, युरोप परिषद आणि युनेस्को या दोघांनी मिळून केलेला, पदव्या आणि शिक्षणाचा काळ एकमेकांनी मान्य करण्याबद्दल. त्यातली दोन तत्त्वं प्रत्येक समकक्षता समितीच्या, म्हणजे आमच्या त्या सहा जणांसारख्यांच्या, दारावर चिकटवून ठेवावीत अशी आहेत. एक, मान्यता नाकारायची असेल तर "मोठा फरक" आहे असं दिसलं पाहिजे, नुसता फरक चालणार नाही. दोन, तो फरक दाखवायची जबाबदारी नाकारणाऱ्यावर आहे, विद्यार्थ्यावर नाही. म्हणजे डाव एकदम उलटा. आमच्याकडे मुलगी उभी राहून सिद्ध करत होती की माझा कोर्स तुमच्यासारखाच आहे. लिस्बनच्या हिशेबाने आम्ही उभं राहून सिद्ध करायला हवं होतं की युनिट चार येत नसल्यामुळे ही पुढच्या वर्षी अडणार आहे. अडणार होती का? नाही. पुढच्या वर्षीच्या एकाही पेपरात ते युनिट लागत नाही, हे टेबलाभोवतीच्या सहाही जणांना माहिती होतं. याच धर्तीचा सगळ्या जगासाठीचा करार युनेस्कोने २०१९ मध्ये स्वीकारला आणि २०२३ मध्ये तो लागू झाला. अर्थात एखाद्या देशाच्या सरकारने सही केली म्हणून विद्यापीठातली पेन्सिल थांबते असं नाही.

मार्कांचं तर अजब प्रकरण असतं. जर्मनीत १.० म्हणजे सर्वोत्तम आणि ४.० म्हणजे कसाबसा पास. इटलीत ३० पैकी, पास व्हायला १८. फ्रान्समध्ये २० पैकी १६ मिळाले तर तो मुलगा घरी फोन करून सांगतो. डेन्मार्कमध्ये तर वजा ३ पासून १२ पर्यंत सात पायऱ्यांची पट्टी आहे. ब्रिटनमध्ये ७० ला फर्स्ट क्लास, आणि तो काही सहज मिळत नाही. आता हे सगळं एका साच्यात बसवायचं म्हटलं की ऑफिसात कोणीतरी त्रैराशिक मांडतं, २० पैकी १४ म्हणजे ७० टक्के, झालं काम. आणि तो फ्रान्समध्ये वर्गात वरच्या फळीत असलेला मुलगा इकडे येऊन मधल्या घोळक्यात जाऊन बसतो. मी स्वतः बघितलेला नमुना सांगतो, जर्मनीहून आलेल्या एका मुलाचे १.७ कोणीतरी दहापैकी म्हणून कॉम्प्युटरमध्ये भरले आणि त्याला नापासाचं पत्र गेलं. पोराने आधी हसून घेतलं, मग दोन महिने फेऱ्या मारल्या. यावरचा उपाय काही अवघड नाही, युरोपीय क्रेडिट पद्धतीच्या मार्गदर्शिकेतच सांगितलाय, आकडा आकड्याशी जुळवत बसू नका, त्या विद्यापीठात कितीजणांना कोणता ग्रेड मिळतो याचा तक्ता मागवा, याचं तिकडे वर्गात जे स्थान होतं त्या स्थानाला तुमच्याकडे जो ग्रेड मिळतो तो द्या. तक्ता मागवायला एक ईमेल लागतो. पण तो तक्ता मागवायचा म्हणजे आधी मान्य करायला लागतं की त्यांच्या वर्गातला वरचा तो आपल्या वर्गातला वरचा. तिथे घोडं अडतं.

आणि आता मला सगळ्यात जास्त छळणारी गोष्ट. एड्युरोम माहिती आहे ना? विद्यापीठातलं वायफाय. युरोपात २००२ च्या सुमारास सुरू झालं, आज शंभराहून जास्त देशांत आहे. तुम्ही दुसऱ्या खंडातल्या विद्यापीठात जा, बॅग उघडा, लॅपटॉप आपला आपण जोडला जातो. कसं, तर तिकडची यंत्रणा तुमचा पासवर्ड स्वतः तपासतच नाही. ती तुमच्या मूळ विद्यापीठाला विचारते, हा तुमचाच का? तिकडून उत्तर येतं, हो आमचा. बस्स, दार उघडलं. सगळं दोन-तीन सेकंदांत. कोणी म्हणत नाही की तुमच्या विद्यापीठाचा पासवर्ड आमच्या पासवर्डसारखा आहे का ते आधी बघू, त्यात आमचं चौथं अक्षर दिसत नाहीये. म्हणजे ज्या इमारतीत तळमजल्यावरचं कॉम्प्युटर सेंटर जगभरच्या विद्यापीठांच्या शब्दावर विश्वास ठेवून रोज शेकडो माणसं आत घेतंय, त्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर आम्ही सहा जण एका कोर्सवर अडून बसलोय. तळमजल्यावरचे लोक आंतरराष्ट्रीय झाले आणि कोणाला पत्ताही लागला नाही, त्यांनी बॅनर लावला नव्हता.

यावर लगेच येणारा आक्षेप मला पाठ आहे, कारण मी स्वतः तो बरीच वर्षं घेत होतो. म्हणजे काय, उद्या कोणीही कुठलाही कागद आणेल आणि आम्ही क्रेडिट देत बसायचं का? दर्जाचं काय? आक्षेप खोटा नाही. पैसे घेऊन पदव्या विकणारी दुकानं जगात आहेत, आणि नाव मोठं लक्षण खोटं असली विद्यापीठंही आहेत. पण परत त्या वायफायकडेच बघा, तिथेही कोणीही उठून सामील होऊ शकत नाही, आधी नियम मान्य करावे लागतात, यंत्रणा नीट लावावी लागते, मग प्रवेश. तपासणी आहे, पण ती संस्थेची आहे, एकदाच आहे आणि आधी आहे. आम्ही काय करतो, संस्थेची तपासणी करार करताना अजिबात करत नाही, तेव्हा फोटोची घाई असते, आणि मग सगळी तपासणी त्या एकट्या पोरीवर काढतो, ती परत आल्यावर. चाळीस करार करून एकावरही विश्वास नसण्यापेक्षा पाच करा, त्या पाच ठिकाणी आपले मास्तर जाऊन वर्गात मागच्या बाकावर बसून येऊ देत, प्रश्नपत्रिका बघू देत, तपासलेल्या उत्तरपत्रिका बघू देत, आणि मग ठरवा. एकदा ठरवलं की मात्र सोडून द्यायचं.

मग अहवालातल्या आकड्यांकडे वळू. रँकिंगवाल्यांनी यात भर घातलीय. टाइम्स हायर एज्युकेशनच्या जागतिक क्रमवारीत आंतरराष्ट्रीय बाजूला एकूण ७.५ टक्के वजन आहे, परदेशी विद्यार्थी, परदेशी शिक्षक आणि परदेशी सहलेखक असे सारखे तीन भाग. तिन्ही मोजायला सोपे, म्हणून मोजतात. पण परदेशी विद्यार्थी किती आहेत यावरून ते कोणाशी बोलतात, कुठे राहतात, वर्गात त्यांना कोणी काही विचारतं का, हे काही कळत नाही. मी अशी वसतिगृहं बघितलीत जिथे बाहेरच्या मुलांची इमारतच वेगळी, "त्यांच्या सोयीसाठी". तीन वर्षं एकाच आवारात राहून एकमेकांचं नाव माहिती नाही. सहलेखकांचं म्हणाल तर २०१५ मध्ये हिग्ज बोसॉन नावाच्या मूलकणाच्या वस्तुमानावरचा एक शोधनिबंध आला, त्याला ५,१५४ लेखक होते, ३३ पानांतली २४ पानं नुसती नावं आणि संस्था. काम अस्सल, सर्नसारख्या मोठ्या युरोपीय कणभौतिकी प्रयोगशाळेतलं, त्याबद्दल एक शब्द वाकडा बोलणार नाही. पण तेवढ्याच एका ओळीवर एखादं विद्यापीठ स्वतःला डझनावारी देशांशी जोडलेलं म्हणवू शकतं, हे मात्र गमतीचं आहे.

परदेशी विद्यार्थी म्हणजे फी, हा दुसरा सरळ हिशेब, आणि तो उघड बोलला जात नाही एवढंच. बाहेरच्यांकडून दुप्पट-तिप्पट फी घ्यायची, त्यातून घरचा खर्च भागवायचा. २०२० मध्ये सीमा बंद झाल्या तेव्हा या हिशेबावर उभ्या असलेल्या विद्यापीठांची, विशेषतः ऑस्ट्रेलियातल्या, काय दाणादाण उडाली ते सगळ्यांनी बघितलं, हजारो नोकऱ्या गेल्या. ज्यांना आपण वर्षानुवर्षं "जागतिक समुदाय" म्हणत होतो ते खरं तर उत्पन्नाचं एक खातं होतं हे तेव्हा ताळेबंदात दिसलं.

आपणच दुसरीकडे जाऊन शाखा काढण्याचा प्रकारही तसाच जपून करायचा. ऑस्ट्रेलियातल्या न्यू साऊथ वेल्स विद्यापीठाने २००७ च्या मार्चमध्ये सिंगापूरला मोठा गाजावाजा करून कॅम्पस उघडला आणि त्याच वर्षी जूनमध्ये बंद केला, विद्यार्थी अपेक्षेपेक्षा फारच कमी आले. एक सेमिस्टर! तिथल्याच येल-एनयूएस कॉलेजची गोष्ट वेगळी, ते चांगलं चालत होतं, अमेरिकेतलं येल आणि सिंगापूरचं राष्ट्रीय विद्यापीठ या दोघांनी खरंच एकत्र बसून अभ्यासक्रम घडवला होता, तरी २०२१ मध्ये ते बंद करण्याचं जाहीर झालं आणि २०२५ मध्ये शेवटची बॅच बाहेर पडली. शाखा वाईटच असतात असं मी म्हणत नाही, काही दशकानुदशकं नीट चालल्यात. पण शाखेत आपण आपलंच शिकवणं दुसऱ्याच्या गावी नेऊन ठेवतो, दुसऱ्याचं काही आपल्यात घेत नाही. माझ्या प्रश्नाला तिथे उत्तर मिळत नाही.

बरं, हे सगळं झालं जाणाऱ्या-येणाऱ्यांचं. जगात उच्च शिक्षण घेणाऱ्या दर शंभरांत देश ओलांडून शिकायला जाणारे जेमतेम तीन असतात. उरलेल्या सत्त्याण्णवांचं काय? पैसे नाहीत, घरची जबाबदारी आहे, नोकरी करून शिकतायत, व्हिसा मिळत नाही, किंवा जायचंच नाहीये, तेही कारण आहेच. हा प्रश्न स्वीडनमध्ये माल्मोला बेंग्ट निल्सन यांनी १९९९ च्या सुमारास विचारला. त्यांचं विद्यापीठ नुकतंच, १९९८ मध्ये सुरू झालेलं, बाहेर कोणाशी संबंध नाहीत, विद्यार्थी पाठवायचे तरी कुठे. त्यांनी खिडकीबाहेर बघितलं, तर शहरातच जगभरातून येऊन राहिलेली माणसं. मग त्यांनी "घरच्या घरी आंतरराष्ट्रीयीकरण" अशी कल्पना मांडली, जे कुठेही जाणार नाहीत त्यांच्या अभ्यासक्रमातच जग आणायचं. शब्द जरा जडच आहे पण कल्पना साधी आहे.

त्याचाच पुढचा अवतार म्हणजे दोन देशांतले दोन वर्ग ऑनलाईन एकत्र शिकवणं, न्यूयॉर्क राज्य विद्यापीठाने २००६ मध्ये त्यासाठी कॉइल नावाचं केंद्रच काढलं. मी हे एकदा करून बघितलंय. सहा आठवडे, तिकडचे बावीस, आमचे तीस. पहिल्या दिवशी स्क्रीनवर बावन्न चौकोन आणि स्मशानशांतता. कोणी बोलायला तयार नाही, आमची पोरं उच्चारांच्या भीतीने आणि तिकडची, हे नंतर कळलं, अगदी त्याच कारणाने. दुसऱ्या आठवड्यात तिकडचं घड्याळ ऋतूप्रमाणे एक तास सरकलं, हे माझ्या लक्षातच नाही, मी आणि माझे तीस जण तासभर रिकाम्या स्क्रीनकडे बघत बसलो. तिसऱ्या आठवड्यात मात्र चार-पाचजणांचे मिश्र गट केले, प्रत्येक गटाला आपापल्या शहरातल्या बससेवेचे आकडे गोळा करून तुलना करायला दिली, आणि मग भांडणं सुरू झाली. "उशीर" म्हणजे किती मिनिटं? तिकडे तीन मिनिटांनंतर उशीर, आमच्याकडच्यांना ते ऐकून हसू फुटलं. कोणाची व्याख्या घ्यायची यावर रात्री अकरा वाजता मेसेज चाललेले. त्या भांडणात ते जेवढी सांख्यिकी शिकले तेवढी माझ्या वर्गात पूर्ण सेमिस्टरमध्ये कधी शिकले नव्हते.

पण खरी परीक्षा शेवटी आली, मार्क द्यायच्या वेळी. गटाचं काम एकच, त्यात दोन्हीकडची मुलं, मार्क कोणी द्यायचे? तिकडच्या बाई म्हणाल्या अर्धे गट मी तपासते, अर्धे तुम्ही, जे येतील ते दोन्हीकडे धरू. मी हो म्हटलं आणि रात्रभर तळमळलो. म्हणजे माझ्या विद्यार्थ्याच्या गुणपत्रिकेवर मी कधी प्रत्यक्ष न भेटलेल्या बाईचे मार्क! शेवटी आम्ही तीन गटांचं काम दोघांनीही वेगवेगळं तपासून बघितलं. दोन गटांत एखाद्या मार्काचा फरक. तिसऱ्यात बराच फरक, आणि तिथे त्यांचं बरोबर होतं, एका मुलाने आकडे मनाने भरलेले होते, ते त्यांनी पकडलं, माझ्या नजरेतून सुटलं. पुढच्या खेपेला मी तळमळलो नाही.

भाषेबद्दल थोडं बोललंच पाहिजे कारण बहुतेक जण आंतरराष्ट्रीय म्हणजे इंग्रजी असा सरळ अर्थ लावतात. इटलीतल्या मिलानच्या पॉलिटेक्निक विद्यापीठाने २०१२ मध्ये ठरवलं की पदव्युत्तर आणि पीएचडीचं सगळं शिक्षण २०१४ पासून फक्त इंग्रजीत. तिथलेच प्राध्यापक कोर्टात गेले, प्रकरण थेट घटना न्यायालयापर्यंत पोचलं आणि २०१७ मध्ये निकाल आला की परकीय भाषेत कोर्स जरूर चालवा पण देशाची भाषा पूर्णपणे बाहेर काढता येणार नाही. मला तो निकाल पटतो. काही कोर्स इंग्रजीत असावेतच, नाहीतर बाहेरचा माणूस येणार कसा. पण सगळंच इंग्रजीत नेलं की येणाऱ्याला इथलं काही शिकायची गरजच राहत नाही, तो तीन वर्षं राहून कोराच्या कोरा परत जातो, आणि इथले मास्तर अशा भाषेत शिकवायला लागतात ज्यात त्यांना विनोद करता येत नाही. विनोद जमत नाही अशा भाषेत माणूस स्लाईड वाचतो. त्यापेक्षा येणाऱ्याला पहिल्या दोन महिन्यांत इथली भाषा कामापुरती शिकवा, आणि त्या शिकण्याला क्रेडिट द्या, आणि ऑफिसातले फॉर्म, पाट्या, फी भरायचं पान हे मात्र दोन भाषांत करा. उलटं असतं बहुतेक ठिकाणी, लेक्चर इंग्रजीत आणि वसतिगृहाचे नियम फक्त स्थानिक भाषेत.

संशोधनात हाच विश्वासाचा प्रश्न जरा वेगळ्या रूपात येतो. श्रीमंत विद्यापीठ पैसे आणतं, प्रश्न ठरवतं, गरीब विद्यापीठ नमुने गोळा करून देतं आणि पेपरात मधे कुठेतरी नाव येतं किंवा शेवटी आभारात. प्रश्न ठरवायच्या बैठकीला आपलं माणूस होतं का, एवढं एक विचारलं की भागीदारी कसली आहे ते कळतं. आणि होतं असेल तर पुढचं आपोआप सुधारतं, कारण प्रश्न ज्याचा असतो तो नमुने पाठवून गप्प बसत नाही.

कॅलेंडर हा छोटा वाटणारा पण मुळावर येणारा मुद्दा. जपानमध्ये वर्ष एप्रिलला सुरू होतं, ऑस्ट्रेलियात फेब्रुवारी-मार्चला, युरोपात बरंचसं सप्टेंबर-ऑक्टोबरला. टोक्यो विद्यापीठाने २०१२ च्या सुमारास आपलं वर्ष शरद ऋतूत न्यायचा गंभीरपणे विचार केला होता, पण नोकरभरती, शाळांच्या परीक्षा, सगळं एप्रिलला बांधलेलं, त्यामुळे बेत बाजूला पडला आणि त्यांनी सेमिस्टरऐवजी चार छोट्या टर्म केल्या. शहाणपणाचं केलं. सगळं वर्ष हलवता येत नसेल तर तुकडे लहान करा, म्हणजे येणाऱ्याला कुठल्यातरी तुकड्यात शिरता येतं.

मग मी काय करीन? नवा करार एकही नाही, निदान दोन वर्षं. लर्निंग अॅग्रीमेंट सक्तीचं, निघायच्या आधी. समितीचा नियम उलटा, नाकारायचं असेल तर फरक लेखी दाखवा आणि पुढे कुठल्या पेपरात विद्यार्थी अडेल ते नाव घालून लिहा, आणि पंधरा दिवसांत काही लिहिलं नाही तर मान्यता मिळाली असं समजायचं. प्रत्येक विभागात एका माणसाला या कामासाठी आठवड्याचे दोन-तीन तास शिकवण्यातून सूट, कारण आत्ता हे काम ज्याला "नाही" म्हणता येत नाही त्याच्या गळ्यात पडतं आणि तो बढतीच्या वेळी मागे राहतो. आणि आंतरराष्ट्रीय ऑफिसातल्या खिडकीवरच्या माणसाला वर्षातून एकदा बाहेरच्या विद्यापीठात पंधरा दिवस पाठवा. डीन कायम जातात. खिडकीवरचा माणूस एकदा परक्या खिडकीसमोर फॉर्म हातात धरून उभा राहिला की परत आल्यावर त्याला वेगळं प्रशिक्षण लागत नाही.

हा उलट्या नियमाचा प्रस्ताव मी मागच्या वर्षी समितीत मांडला. विरोध होणार हे धरूनच गेलो होतो. पेन्सिलवाले सहकारी बराच वेळ कागद वाचत होते, मग म्हणाले, "म्हणजे युनिट चार आलं नाही तर कुठे अडतं ते मी लिहून द्यायचं?" म्हटलं हो. ते म्हणाले, "पण ते तर कुठेच अडत नाही." मग थोडं थांबून, "मग आपण ते शिकवतो कशाला?"

कोणी काही बोललं नाही. इतक्या वर्षांत हा प्रश्न कोणी विचारला नव्हता. नियम पुढच्या बैठकीपर्यंत राखून ठेवला आणि युनिट चारचा विषय अभ्यास मंडळाकडे पाठवला. अभ्यास मंडळाची बैठक अजून लागलेली नाही.